भूतकाळाची चित्रे पुन्हा पाहताना : एक प्रस्तावना

शिवाजी महाराजांचे नाव घेतले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जी रूपे उभी राहतात, त्यांतले एक अलिबाग तालुक्यातल्या माणसाने घडवलेले आहे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ सालचा, सासवण्याचा. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले महाराजांचे चित्र त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत पोचला. १९२८ मध्ये पुण्यात महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा उभा राहिला, तो करमरकरांचा. त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी जे अश्वारूढ पुतळे झाले, त्यांतल्या कितीतरींच्या घोड्याच्या मानेत आणि स्वाराच्या बैठकीत पुण्याचा हा पुतळा ओळखू येतो.

समकालीन कलेच्या एका शाखेची ओळख करून देताना सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या शिल्पकारापासून करण्याला कारण आहे. ही शाखा इतिहास पुन्हा तपासते आणि समाजाने मनोमन मान्य केलेल्या कथांना प्रश्न विचारते. हे प्रश्न हवेत विचारलेले नसतात. ते आधीच्या चित्रांना, पुतळ्यांना, छापील देवदेवतांना, संग्रहालयांतल्या कपाटांना विचारलेले असतात. तेव्हा ज्यांना प्रश्न विचारले जातात ती रूपे कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवली हे आधी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर नवी कृती नुसती विक्षिप्त वाटते, किंवा उद्धट वाटते. या कलेविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत त्यांतले बरेचसे इथूनच निघतात.

पुण्यातल्या त्या पुतळ्याकडेच जरा थांबून पाहू. स्मारकाची मूळ खटपट कोल्हापूरच्या शाहू महाराजांची, आणि १९२१ मध्ये पायाभरणी झाली ती इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते. त्याआधी अर्धशतकभर शिवाजी कोणाचा हा वाद महाराष्ट्रात पेटता होता. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा लिहिला तो शेतकऱ्या-कुळवाड्यांच्या राजाचा. टिळकांच्या प्रेरणेने १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला तो राष्ट्रपुरुषाचा. चेहऱ्याचाही प्रश्न होताच. इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून बराच काळ छापले जात होते, आणि ते चुकीचे असल्याचे दाखवून वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र पुढे आणले ते १९३३ मध्ये. म्हणजे करमरकरांचा पुतळा उभा राहून पाच वर्षे झाल्यावर. यातून करमरकरांच्या कामाला कमीपणा येत नाही. उलट, इतक्या वादांच्या आणि अपुऱ्या पुराव्याच्या मधोमध बसून एका कलावंताने असे रूप घडवले की ते पुढच्या पिढ्यांना पुराव्यासारखे वाटू लागले, ही कलेच्या ताकदीची खूण आहे. ही ताकद एकदा लक्षात आली की पुढचा प्रश्न आपोआप येतो. कलावंताने घडवलेले रूप इतके खरे वाटू शकते, तर ते उलगडून पाहण्याचे कामही कलावंताने का करू नये?

पुराणकथांचेही असेच आहे. लक्ष्मी कमळावर उभी असते, सरस्वती वीणा घेऊन खडकावर बसते, त्या साडी नेसतात आणि त्यांच्यामागे धुकट निसर्ग असतो, हे आपल्याला अनादी वाटते. या रूपाचा घराघरांतला प्रसार मात्र छापखान्यापासून सुरू होतो. राजा रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथल्या रंगीत छापांनी देव सर्व जातींच्या घरांत नेले. ज्यांना देवळाचा उंबरा ओलांडता येत नव्हता त्यांच्या भिंतीवरही लक्ष्मी आली, ही त्या छापखान्याची फार मोठी गोष्ट. त्याच वेळी शेकडो प्रादेशिक रूपे मागे पडली आणि एकच रूप पक्के झाले, हीसुद्धा त्याचीच गोष्ट. दादासाहेब फाळके काही काळ या छापखान्यात काम करत होते. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा पुराणाने आणखी एक शरीर धारण केले.

मराठी वाचकाला या कलेत शिरायला फार प्रयास पडू नयेत असे मला वाटते, कारण शब्दांत हे काम आपल्याकडे केव्हाच झाले आहे. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ने १८७३ मध्ये वामन आणि बळीची कथा बळीच्या बाजूने वाचली, दिवाळीत ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या आयाबायांना ती बाजू आधीच माहीत होती. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांना देवपणाच्या झुलीबाहेर काढले. दामोदर कोसंबी हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि रानातली ठाणी तुडवत होते आणि कथेच्या तळाशी जमीन, गुरे, धान्य शोधत होते. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा मागोवा घेताना त्याला गोपजनांच्या देवापर्यंत नेले, आणि तरीही त्यांची भक्ती कणभर उणावली नाही. आपण हे सगळे वाचले, त्यावर भांडलो, पुष्कळसे पचवले. चित्राच्या बाबतीत मात्र आपली नजर अजून कॅलेंडरपाशीच थांबते. लेखकाने प्रश्न विचारला तर तो विचारवंत आणि चित्रकाराने विचारला तर तो भावना दुखावणारा, हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष कृतींकडे येऊ. नलिनी मलानी यांनी २००३ मध्ये ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ नावाची व्हिडिओ मांडणी केली. तिच्या मुळाशी रवि वर्मांचे एक प्रसिद्ध चित्र आहे: वेगवेगळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया वाद्ये घेऊन एकत्र बसल्या आहेत. सगळा देश एका बैठकीत, असे ते सुरेल चित्र. मलानींच्या कृतीत त्या मैफलीत बंदुकीचा आवाज शिरतो. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारानंतर वर्षभरात ही कृती आली आहे, एवढे माहीत असले तरी पुरे. त्या अकरा जणींच्या चेहऱ्यांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर वेगळा मार्ग धरला. त्या स्वतःच रवि वर्मांची लक्ष्मी झाल्या, तसाच पोशाख, तसेच कमळ, तसाच पडदा. त्याच मालिकेत त्या वसाहतकालीन मानववंशशास्त्रज्ञांच्या मोजमापाच्या चौकटींपुढेही उभ्या राहिल्या. देवी म्हणून पूजली जाणारी बाई आणि नमुना म्हणून मोजली जाणारी बाई एकाच शरीरात पाहायला मिळाल्यावर या दोन नजरांतले नाते कळते. सोंग घेणे ही आपल्या लोककलेची जुनी रीत आहे, दशावतारापासून बहुरूप्यापर्यंत. पुष्पमालांची कृती समजायला युरोपातले सिद्धांत वाचावेच लागतात असे नाही.

नागपूरचे सवी सावरकर यांची चित्रे आणि अम्लरेखने पाहणे सोपे नाही, आणि ते सोपे असूही नये. गळ्यात थुंकीसाठी मडके आणि पाठीमागे पाऊल पुसायला झाडू बांधलेली माणसे त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात. पेशवाईतल्या पुण्याचे वैभव आपण नाटकांत, कादंबऱ्यांत आणि मालिकांत पाहिले, त्या वैभवाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या माणसाचे चित्र कोणी काढले नव्हते. सावरकरांच्या रेषेत सफाई नाही, ओरखडा आहे. सफाईदार रेषेत ही गोष्ट सांगता आली नसती. त्यांच्या चित्रांत मनू येतो, देवदासी येते, बुद्ध येतो. रायगड जिल्ह्यातल्या वाचकाला मनूचे ते चित्र दूरचे वाटण्याचे कारण नाही. मनुस्मृती जाळली गेली ती महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी, आणि महाड याच जिल्ह्यात आहे, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत.

डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी २०१३ मध्ये सुरू झालेले एक काम मला या साऱ्या क्षेत्रात सर्वांत मोलाचे वाटते. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल तिथे गेल्या, त्यांनी गावाची आणि रानाची कृष्णधवल छायाचित्रे घेतली, पण वारली चित्रकार राजेश वांगड त्या जागांविषयी जे सांगत होते ते छायाचित्रात उतरत नव्हते. माळ दिसत होता. त्या माळावर काय घडले ते दिसत नव्हते. मग वांगड यांनी त्याच छायाचित्रांवर शाईने रेखाटायला सुरुवात केली. तोडलेले जंगल, पूर, मारझोड, निवडणुका, देवांचे येणे-जाणे, पूर्वजांच्या कथा, सगळे त्या निर्जन वाटणाऱ्या भूमीवर बारीक रेषांनी दाटून आले. ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही ती मालिका. कॅमेरा म्हणतो इथे कोणी नाही. रेषा म्हणते इथे सगळे आहेत. आदिवासींची चित्रकला म्हणजे लग्नाचा चौक आणि तारपा नाच, अशी जी गोजिरवाणी समजूत शहरांनी करून घेतली आहे, तिलाही या मालिकेत उत्तर मिळते. वारली चित्रकाराला इतिहास असतो आणि तो स्वतः सांगू शकतो, एवढी साधी गोष्ट कबूल करायला आपल्याला इतका उशीर लागला.

चंद्रपूरजवळच्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळशाने खाणकामगारांची चित्रे काढतात. ज्या कोळशासाठी जमीन गेली, त्या जमिनीचा हिशेब कोळशानेच मांडणे, यात साधन आणि आशय यांचा असा मेळ आहे की त्यावर वेगळे भाष्य लागत नाही. जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटिस’ या कृतीत (२००३) नेहरूंचे स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचे भाषण आरशांवर अक्षरे जाळून लिहिलेले आहे. वाचणाऱ्याला त्या जळक्या अक्षरांत स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसतो.

अलिबागचा किनारा या प्रश्नांसाठी किती सुपीक आहे, हे इथल्या वाचकालाही पुरते जाणवलेले नसते. कोकणची भूमी परशुरामाने समुद्र हटवून मिळवली, ही कथा प्रत्येकाने ऐकलेली आहे. तिच्या जोडीला आणखी एक कथा सांगितली जाते: समुद्रातून वाहून आलेल्या चौदा मृतदेहांना परशुरामाने जिवंत केले आणि त्यांच्यापासून चित्पावन झाले. अलिबागपासून जवळच नवगावला दुसऱ्या एका समाजाची कथा आहे. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले. वाचलेल्यांचे वंशज म्हणजे बेने इस्राएल. दोन्ही समाज समुद्रातूनच आपली सुरुवात सांगतात, आणि दोन्ही कथांत चौदा जीव आहेत. हे साम्य अभ्यासकांनी टिपले आहे. कोणी कोणाची कथा घेतली, की किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सुरुवात अशीच सांगावीशी वाटते, याचा निकाल लावण्याची घाई इथे नको.

बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेतली एक गोष्ट मला फार प्रिय आहे: डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी यहुदी आला, त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि त्यांनी खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, तेव्हा त्याला ओळख पटली. खंडाळे गावाजवळ एका कातळावर एलियाहू हनबीचा टापा दाखवतात. संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा म्हणून लोक तिथे मलिद्याचा नवस फेडतात. याच समाजाने एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तने केली. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग उभे आहे, बहुतेक कुटुंबे मात्र इस्राएलला गेली आहेत. या समाजातून आलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या सिओना बेंजामिन यांची चित्रे इथल्या मातीशी जोडून पाहायला हवीत. त्यांच्या ‘फाइंडिंग होम’ मालिकेतल्या स्त्रिया निळ्या आहेत. सारा, हागार, एस्तर, लिलिथ ही नावे बायबलच्या आणि यहुदी परंपरेतली, चौकट आणि बारकावा मोगल लघुचित्रांचा, आणि अंगाचा निळा रंग कृष्ण-कालीच्या मुलखातला. इथे कोणी कोणावर आक्रमण करत नाही. एकाच घरात वाढलेल्या दोन आठवणी एका कागदावर येतात. २०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात परतून त्यांनी बेने इस्राएल स्त्री-पुरुषांची छायाचित्रे घेतली आणि त्यांवर रंग व सोन्याचा वर्ख चढवला. संस्कृती शुद्ध आणि एकसंध असते ही आपल्या काळातली सर्वांत हट्टी पुराणकथा आहे. तिला इतक्या मायेने दिलेले उत्तर मी क्वचितच पाहिले आहे.

काही चित्रे अजून कोणी काढलेलीच नाहीत. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला असे म्हणतात. खारेपाटात समुद्र हटवला तो बांध घालणाऱ्या हातांनी, आणि उधाणाने खांड पडली की तो पुन्हा त्याच हातांनी बांधला. त्या जमिनीच्या धान्यावर हक्क खोतांचा होता. म्हणून अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे पिकती जमीन पड ठेवून माणसे जगली. या कथेचे चित्र परशुरामाच्या बाणाशेजारी कोणी टांगलेले मला माहीत नाही.

कान्होजी आंग्र्यांचेही तसेच. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यांची समाधी अलिबागेत आहे. आपल्या लेखी ते सरखेल. क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये इंग्रजीत पुस्तक छापले त्यात ते चाचे. लंडनमध्ये शूटर्स हिल या टेकडीवर एक तिकोनी बुरूज आहे, नाव सेव्हर्नड्रूग. तुळाजी आंग्र्यांकडून १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सची आठवण म्हणून त्याच्या पत्नीने तो १७८४ मध्ये बांधला. आपल्या किल्ल्याचे नाव असे परक्या टेकडीवर उभे आहे. शत्रूला चाचा म्हणणारी कथा आणि आरमारप्रमुखाला निष्कलंक करणारी कथा, दोन्ही तपासून पाहणारा कलावंत कुलाबा किल्ल्याच्या ओहोटीच्या वाटेवर अजून उतरायचा आहे.

या क्षेत्रात सगळेच चांगले आहे असे नाही. जुनी कागदपत्रे काचेच्या पेटीत ठेवून, शेजारी दुर्बोध इंग्रजी मजकूर लावून काम संपले असे मानणारी प्रदर्शने पुष्कळ होतात. पुराणातल्या व्यक्तीचा नुसता पोशाख बदलणारी चित्रेही होतात, आणि त्यांना धाडस म्हणण्याची प्रथा पडली आहे. माझी कसोटी साधी आहे. ज्या कथेला प्रश्न विचारायचा ती कथा कलावंताला तिच्या भक्तांहून अधिक बारकाईने माहीत आहे का? मलानींना रवि वर्मांचे चित्र माहीत आहे, वांगडांना गंजाडचा प्रत्येक दगड माहीत आहे, बेंजामिन यांना दोन्ही परंपरांतल्या कथा आजीच्या तोंडच्या असाव्यात तशा येतात. जिथे ही जवळीक नसते तिथे प्रश्न पोकळ निघतो.

दुसरी अडचण आपली आहे. या कलेवरचे बहुतेक लेखन इंग्रजीत झाले, तिची दालने मुंबईच्या दक्षिण टोकाला राहिली, आणि ज्यांच्या इतिहासाविषयी ती बोलते ते लोक तिच्या दारापर्यंत आले नाहीत. हे थोडे बदलते आहे. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘द गिल्ड’ हे कलादालन आता मांडवा-अलिबाग रस्त्यावर रांजणपाड्याला आहे. नवज्योत अल्ताफ, सुधीर पटवर्धन यांच्यासारख्यांचे काम त्याने सातत्याने लोकांपुढे आणले. गोव्यात पिळर्ण येथे सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभारले, तिथे गोव्याचा इतिहास शाळेतल्या मुलांनाही कलाकृतींतून भेटतो. पण मराठीत नीट, न घाबरता, न घाबरवता या कलेवर लिहिणारे आणखी हवेत. परिभाषा अपुरी पडते ही सबब पुरेशी नाही. ढेरे-कोसंबींच्या कामाविषयी मराठीत बोलता येते तर या चित्रांविषयीही येईल.

या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे. प्रदर्शनात शिरताच भिंतीवरचा मजकूर वाचू नका. आधी कृती पाहा, तिच्यात कोणते जुने चित्र दडले आहे ते शोधा, आणि ते जुने चित्र तुमच्या घरात कुठून आले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मजकूर त्यानंतर वाचा. राग आला तरी हरकत नाही. तो कथेवरच्या प्रेमामुळे आला की कथा तपासली जाण्याच्या भीतीमुळे, हे मात्र स्वतःशी ठरवा. आणि सुरुवात जवळून करा. मांडव्याला बोटीतून उतरलात तर आधी सासवण्याला करमरकरांच्या शिल्पालयात जा. तिथे त्यांची कोळी मुले-माणसे, जनावरे, घरची मंडळी आहेत, पुष्कळशी साध्या सिमेंटमध्ये घडवलेली. रूप कसे घडते हे तिथे नीट पाहून घ्या, मग रांजणपाड्याच्या दालनाकडे वळा. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात होतात.